नदी ओलांडून आलेली डबी

उत्तरेचा वारा पहाटेच पडला होता. नदी इतकी सपाट निजली होती, की पलीकडच्या अस्वानच्या इमारती गच्चीवरच्या टाक्यांसकट पाण्यात उलट्या उभ्या होत्या. अशा दिवशी शिडाच्या होड्या काठालाच बांधून राहतात आणि सगळी गर्दी शाझलीच्या मोटरबोटीवर येते. म्हणून तो तांबडं फुटायच्या आधीच येऊन बोटीतलं पाणी उपसत बसला होता. तुपाचा पत्र्याचा डबा तिरका कापून केलेलं त्याचं उपसणं. बोट जुनी होती, रात्रभरात फळ्यांमधून पाझरून तळाशी पाणी साचायचंच. नवा उतारू नाक मुरडू लागला की शाझली म्हणे, "बुडत नाहीये ती. म्हातारीला घाम येतो."

शाझली पन्नाशीकडे झुकलेला, उंच, काळाकुळकुळीत गडी. बोटीच्या दोरांनी हाताला घट्टे पडलेले, आणि उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे मात्र दोरांचे नव्हते. ते बेस गिटारचे होते. दिवसा तो माणसं ह्या काठावरून त्या काठावर करायचा आणि लग्नसराईत आपल्या चुलतभावाच्या, फिक्रीच्या, मेळात बेस वाजवायचा. तरुणपणापासून वाजवत होता. मेळात फिक्री गाणारा, दोघेतिघे तार वाजवणारे, म्हणजे ती परातीएवढी कातड्याची डफं, अस्वान शहरातला अंतर नावाचा गडी कीबोर्डवर, आणि कोपऱ्यात शाझली.

हा कोपरा आता जायच्या बेतात होता.

झालं असं, की गेल्या महिन्यात कोम ओम्बोकडच्या एका लग्नात शाझलीचं गिटार भाड्याच्या स्पीकरमधून नुसतं गुरगुरलं. सूर कुठला ते कुणालाच कळेना. शेवटी अंतरने डाव्या हाताने कीबोर्डवरच खालचे सूर धरले आणि गाणं निभावलं. त्यात अंतरने नवा कीबोर्ड घेतलेला, तो खोक्यासकट गाडीतली एक आख्खी जागा खायचा. परतीच्या वाटेवर शाझली ते खोकं मांडीवर घेऊन बसला होता. फिक्रीने पुढच्या सीटवरून मागे न बघताच सांगितलं, "बशारींचं लग्न आपल्याच काठावर आहे, तिथं तू आहेसच. त्याच्यापुढचं मग बघू." मग बघू म्हणजे काय, हे बोट हाकणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही. ज्याला बोटीत घ्यायचं नसतं त्याला तोही हेच म्हणतो.

तशात शाझली आजोबा झाला होता. थोरली लेक नजात बाळंतपणाला माहेरी आलेली, मुलगी झालेली. पण नातीला त्याने अजून मांडीवर घेतलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत नदी ओलांडून आलेलं काही जाऊ द्यायचं नसतं. माणूस नाही, चप्पल नाही, कांद्याची जुडी नाही. चाळिसाव्याला बाळ-बाळंतीण आपणहून नदीवर जातात, तोंडं धुतात, मग नदीचा आणि त्यांचा काही वाद राहत नाही. बाकीचे लोक तेवढे चाळीस दिवस पलीकडे जायचं टाळतात. शाझलीचं तर पोटच ओलांडण्यावर. स्वतःची चारही लेकरं त्याने अशीच चाळीस चाळीस दिवस खिडकीतून पाहिली होती. आता नातही खिडकीतून.

पहारेकरी बहरिया आत्या. शाझलीच्या बापाची बहीण, वाळलेल्या खजुरासारखी, आणि तितकीच चिवट. खोलीच्या दाराशी चटई टाकून बसायची.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्याच्या आदल्या संध्याकाळी जावई आला, हमदून. हुरघाद्याच्या एका हॉटेलात कामाला. बायको-लेकीला बघायला दिवसभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून आला आणि आत्याने त्यालाही अंगणातच अडवलं.

"आत्याबाई, मी बाप आहे तिचा."

"नदीनं इचारलं का तुला बाप हाईस का म्हून? तिथनं बघ, खिडकीतनं. हात लावू नगंस."

हमदूनने खिडकीतून लेक पाहिली, डोळे पुसले, आणि मग सासऱ्याशेजारी बाजेवर बसून पिशवीतून एक धातूची डबी काढली. तळहातावर मावेल एवढी, पण उचलली तर वजनाला बोटीच्या नांगराची धाकटी बहीण. वर चार फिरवायच्या खुंट्या, खाली पायाने दाबायचं एक बटण, आणि एक तांबडा दिवा.

"मामा, हे तुमच्यासाठी."

"काय आहे? बॅटरीचा चार्जर?"

"प्रीअँप आहे. बेस गिटारचं पेडल. हॉटेलात एक वादक यायचा, त्याने नवीन घेतलं, हे मला देऊन गेला. गिटारची वायर ह्यात घालायची, ह्यातून पुढं स्पीकरात. आवाज लोकांत जायच्या आधी इथं त्याचे केस विंचरायचे, बस. ही खुंटी खालच्या आवाजाची, ही मधल्या, ही वरच्या. आणि ही चौथी आवाजाला जरा माती लावायची."

"माती कशाला लावायची?"

"ते मलाही कळलं नाही, मामा. पण ते लोक लावतात."

शाझलीने डबी उलटीपालटी केली. खुंट्या फिरवून बघितल्या. सैल नव्हत्या, घट्टही नव्हत्या, चांगल्या नळासारख्या फिरत होत्या. बटण दाबलं तर टक्क करून बारीक आवाज झाला आणि तो आवाजसुद्धा त्याला फार आवडला. त्याच्या मनात आलं, की बशारींच्या लग्नाला अजून तीन दिवस आहेत, आणि हिच्यात आपली गाडीतली जागा आहे. पण गिटार जोडायचं तर स्पीकर खोलीत, नजातच्या उशाशी.

"आत्या, माझा स्पीकर तेवढा बाहेर दे."

"त्या पेटाऱ्यावर बाळाचं पानी ठिवलंय, धुपाटणं ठिवलंय, सुरी ठिवलीया. चाळिसाव्यापतूर त्यो जागचा हलायचा न्हाई."

"मग नुसती वायर खिडकीतून आत देतो. मी इथं अंगणात वाजवतो."

आत्याने डबीकडे बघितलं. "ही कुठनं आली?"

"पलीकडून."

"मग तिचा आवाज वायरीतनं आत येनार, त्यो कुठनं आला म्हनायचा?"

आतून नजातचं हसणं ऐकू आलं आणि मेथीचा काढा ढवळणारी त्याची बायको दहब म्हणाली, "तिला तुमच्याच शेजारी बाहेर झोपवा. दोघं नदी ओलांडलेली. जोडी जमेल."

म्हणून ती रात्र डबीने शाझलीच्या उशाखाली काढली आणि आता सकाळी ती बोटीत होती, गोणपाटात गुंडाळलेली. शेजारी गिटार. हमदूनने डबीत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घालून दिली होती आणि एक हेडफोनही. स्पीकर नसला तर नसला, डबीला कानाचं भोक होतं.

पाणी उपसून झालं. उतारू अजून आले नव्हते. शाझलीने बाभळीच्या सावलीत बोट बांधलेलीच ठेवली, हेडफोन घातला, बटण दाबलं. तांबडा दिवा लागला. सगळ्यात जाड तार त्याने हळूच छेडली.

पहिल्या सुराला त्याचा हात थांबलाच. इतकी वर्षं हे गिटार आपल्याजवळ आहे आणि ते असं बोलतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं काहीसं त्याला वाटलं. मग तो खुंट्यांच्या मागे लागला. खालची पार वर नेली. मधली पार खाली. वरची थोडीशी. सूर असा निघाला, की म्हैस चिखलात बसून समाधानाने श्वास सोडते तसा. गोल, गार, जड. त्याने एक जुनं हळदीचं गाणं वाजवलं आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

डोळे उघडले तर बोटीच्या टोकावर हाज हसूना बसलेला, मांडीशी पलीकडच्या बाजारात विकायला न्यायची शेळी. हसूना म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा तार वाजवणारा. कानाने जरा कमी, हाताने अजून पक्का. त्याला फिक्रीसुद्धा वचकून असे.

"तोंड कशाला उघडं ठिवलंयस?" हसूना म्हणाला. "दात मोजायचेत व्हय?"

शाझलीने हेडफोन त्याच्या पागोट्यावरून कानांना लावला आणि एक सूर सोडला. म्हाताऱ्याने भुवया वर केल्या.

"ह्यात म्हस हाय का रं?"

"चांगली का वाईट?"

"म्हस कवा वाईट असती?" असं म्हणून त्याने हेडफोन शेळीच्या कानाशी नेला. शेळीने तो चावायचा प्रयत्न केला, म्हणून काढून घेतला.

मग माणसं आली. भाजीवाल्या बाया, शाळेत जाणारे मास्तर, दोन पोती सिमेंट. शाझलीने इंजिन चालू केलं. सुकाणू काखेत धरलं, गिटार मांडीवरच राहू दिलं. नदी शांत होती, ह्या वाटेने बोट त्याच्याशिवायही गेली असती. एका कानाला हेडफोन लावून त्याने पुन्हा तेच गाणं धरलं.

काहीच नाही. म्हैस गायब. इंजिनाच्या धडधडाटात नुसता कानाचा पडदा हलत होता, सूर म्हणून काही नव्हता. त्याने आवाज वाढवला, पडदा जास्त हलला. खालची खुंटी कमी केली, तरी नाही. शेवटी कंटाळून मधली खुंटी फिरवत फिरवत जवळजवळ शेवटाला नेली आणि चौथी, ती माती लावायची, तीही थोडी उघडली. तेव्हा कुठे त्या धडधडाटातून सूर वर आला. अगदी स्पष्ट, एकेक वेगळा. पण कसा? नाकातला. पलीकडच्या काठावरून कुणी नाव घेऊन हाक मारावी तसा. पलीकडे पोचल्यावर इंजिन बंद केलं आणि तो तसाच ऐकला, तर त्याला त्याची लाजच वाटली.

उतरता उतरता हसूनाने पुन्हा हेडफोन मागून घेतला. "आता ह्यो कोन? सर्दी झालेला मास्तर?"

"इंजिनातून ऐकू यावा म्हणून केलंय."

"म्हस बरी हुती," असं म्हणत शेळी ओढत म्हातारा चढण चढून गेला.

शाझलीचंही तेच मत पडलं. खुंट्या पुन्हा म्हशीवर आणल्या. दुपारी घरी आल्यावर दहबकडून काजळ मागून घेऊन, प्रत्येक खुंटीपाशी एक बारीक रेघ ओढून घेतली, म्हणजे लग्नाच्या गडबडीत हात चुकायला नको. दहब रेघा ओढताना म्हणाली, "माझ्या डोळ्यांत काजळ घालताना एवढ्या बारकाईने कधी बघितलं नाहीत." पुढचे दोन दिवस इंजिन चालू असताना मास्तर आणि काठाला लागल्यावर म्हैस, असं चालू राहिलं. उतारूही हेडफोन मागून घेऊन ऐकायला लागले. एक भाजीवाली तर म्हणाली, "रयीस, आज सर्दी कमी आहे वाटतं." बोटवाल्याला आमच्याकडे रयीस म्हणतात.

बशारींच्या अंगणापुढच्या वाळूत मांडव होता. ऊन उतरायला लागलं तसे भाड्याचे स्पीकर उभे राहिले, वाळूवर पाणी शिंपडून झालं. अजून माणसं जमायची होती. फिक्री म्हणाला, "आवाज बघून घेऊ. शाझली, आधी तू." त्याच्या म्हणण्यात प्रश्न होता आणि तो सगळ्यांना ऐकू आला.

शाझलीने डबी पायाशी ठेवली, रेघा बघितल्या, बटण दाबलं आणि ते हळदीचं गाणं धरलं. मोठ्या स्पीकरमधून म्हैस निघाली ती मांडवाच्या खांबांना अंग घासत गेली. खुर्च्या मांडणारे थांबले. चहाच्या ट्रेमधले पेले किणकिणले. फिक्रीच्या कपाळावरची आठी गेली. अंतरही मनाने चांगला, म्हणाला, "वा रयीस. हे कुठून आणलंत?"

"जावयाने."

"मलाही एक मुलगी बघा मग. म्हणजे पुढंमागं जावई होईल."

त्यानंतरचा तासभर शाझलीने फार सुखात काढला. चहा प्याला, दोन खजूर खाल्ले, आणि बसल्या बसल्या मनातल्या मनात गाडीतली आपली जागा खिडकीशी धरली.

मग वऱ्हाड आलं. पांढऱ्या पायघोळ जलाबिया घातलेले पुरुष खांद्याला खांदा लावून दोन लांब रांगांत उभे राहिले, समोर बाया. हसूनाने तार उचलली, चुलीच्या धगीवर तिचं कातडं जरा तापवून घेतलं आणि पहिली थाप टाकली. बाकीच्या तारा तिच्यात मिसळल्या. रांगा हलायला लागल्या, टाळ्या सुरू झाल्या. आमच्याकडे टाळी नुसती हातांची नसते. हात, पाय, वाळू, खांदा, सगळं एका वेळी पडतं, आणि दोनशे माणसांचं पडतं.

शाझलीने बेस धरला. बोटं तारांवर, पाय तालावर, सगळं बरोबर. आणि त्याला स्वतःला काही ऐकू येईना. त्याने कान स्पीकरकडे केला. छातीत काहीतरी हलत होतं, पण कोणता सूर ते देव जाणे. म्हैस त्या गर्दीत कुठेतरी बसलीच होती, फक्त दिसत नव्हती. पहिलं गाणं गेलं. दुसऱ्या गाण्यात फिक्री ज्या खालच्या सुरावर पाय ठेवून वर चढायचा, तो सूरच त्याला मिळेना. गाताना त्याने एकदा शाझलीकडे पाहिलं आणि एकदा अंतरकडे. अंतरने शाझलीकडे बघायचं टाळलं आणि डावा हात हळूच कीबोर्डच्या खालच्या टोकाला नेला.

तो हात शाझलीने पाहिला. त्या हाताचा त्याला राग आला नाही. पण उरलेले सगळे उन्हाळे त्या हाताखाली चाललेत एवढं त्याला स्वच्छ दिसलं.

गाणं संपल्यावर बायांच्या रांगेतून बहरिया आत्या तुरुतुरु पुढे आली. लग्न ह्याच काठावरचं, तेव्हा तिला यायला कसली आडकाठी नव्हती. दाराशी ती दहबला बसवून आली होती.

"काय रं, तू वाजवतूयास का मासं धरतूयास?"

"वाजवतोय, आत्या."

"बोटं हलताना दिसत्यात. ऐकू काय बी येत न्हाई. घरी तर म्हनत हुतास लई घुमतंय, लई घुमतंय. रोज तुझ्या बोटीतनं येनारी माणसं तर सांगत्यात, ते कानाला लावलं की इंजिनातनं बी पार पलीकडच्या काठापतूर ऐकू येतंय."

शाझली म्हणणार होता, की बोटीतला आवाज वेगळा, तो वाईट, सर्दी झालेला, तो फक्त इंजिनासाठी. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्याने समोर बघितलं. हसूना पुढच्या थापेसाठी तार सावरत होता, रांगा पुन्हा जुळत होत्या, दोनशे जोड पाय पुन्हा वाळूवर पडणार होते. धड, धड, धड, धड. असाच धडधडाट ऐकत तो दिवसभर बोटीत बसतो.

तो खाली वाकला. अंगठ्याने काजळाच्या रेघा पुसल्या, म्हणजे मन परत फिरायला नको. खालची खुंटी उतरवली, मधली चढवत जवळजवळ शेवटाला नेली, आणि थोडी माती लावली. हात सवयीने तिथे गेला, दोन दिवसांची ये-जा झाली होती. एक सूर सोडला. दोन गाण्यांमधल्या शांततेत तो मास्तर असा काही बोलला, की अंतरने दचकून बघितलं आणि फिक्रीचा चेहरा आंबट झाला.

"हे काय करून ठेवलंस?"

"गाणं धर, दादा."

फिक्रीने गाणं धरलं. तारा आल्या, टाळ्या आल्या, वाळू आली. आणि त्या सगळ्याच्या आतून, ज्या जागेत दुसरं काहीच नव्हतं त्या जागेतून, बेस चालायला लागला. नाकातला वाटत नव्हता. सर्दीही कुठे दिसत नव्हती. ते सगळं टाळ्यांनी आणि तारांनी झाकलं होतं, आणि वर राहिला होता नुसता सूर, गोल, ज्याच्या त्याच्या पायाखाली. मागच्या रांगेतल्या माणसांची पावलं थोडी मागे पडत होती, ती जुळली. फिक्री वर चढला आणि चढताना त्याने कुणाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. हसूना म्हाताऱ्याने वाजवता वाजवता सगळं अंगच शाझलीकडे वळवलं आणि पुढचं सगळं गाणं त्याच्याशी वाजवलं, जसं कोणी चांगल्या गप्पा मारणारा भेटला की माणूस खुर्ची वळवून घेतो.

अंतरचा डावा हात थोडा वेळ हवेत राहिला. मग तो बाजूच्या ट्रेकडे गेला आणि चहाचा पेला उचलून घेतला. पुढची सगळी गाणी अंतरने एका हाताने कीबोर्ड वाजवला आणि दुसऱ्याने चहा प्याला.

दिवे लागायच्या वेळेला फत्त्याची, म्हणजे भात, रोटी आणि मटणाची, ताटं आली. सगळे मांडी घालून बसले. फिक्री भातातून मटणाचा तुकडा शोधत म्हणाला, "पुढच्या आठवड्यात कोम ओम्बोला दोन लग्नं आहेत. गाडीत कसं बसायचं ते ठरवायला पाहिजे."

शाझलीने घास तसाच हातात धरला.

"माझं खोकं टपावर बांधू," अंतर म्हणाला. "आत ठेवलं तर रयीसला मांडीवर घ्यावं लागतं, आणि ते वाटभर सुकाणूसारखं धरून बसतात. मला भीती वाटते, कुठंतरी काठाला लावतील."

फिक्री हसला. सापडलेला तुकडा त्याने उचलून शाझलीच्या बाजूला ठेवला. मेळातल्या माणसाला फिक्री ह्याच्यापेक्षा जास्त काही सांगत नसे.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा परत आला होता, हलकासा. शाझली निघाला तेव्हा आत्या दाराशी जागीच होती. डबी काखेत बघून म्हणाली, "काल ऐकू आलं."

"मग आता आत येऊ देशील का हिला?"

"ऐकू आलं म्हून काय झालं? नदी वलांडलेलीच हाय न्हवं ती अजून." पण उठून आत गेली आणि नातीला घेऊन खिडकीशी आली. गुंडाळलेली, काजळ घातलेली, जांभई देणारी. शाझलीने गजांतून बघितलं. दहबने मागून काजळाची डबी पुढे केली. "नव्या रेघा कुठं ओढायच्या तेवढं सांगा. म्हणजे पुन्हा म्हैस शिरायला नको."

"राहू दे," शाझली म्हणाला. "हाताला ठाऊक झालंय."

बाभळीखाली बोट डोलत होती. रात्रभरात म्हातारीला चांगलाच घाम आला होता, लग्नामुळे काल उपसणं राहून गेलं होतं. शाझलीने डबी गोणपाटात गुंडाळून कोरड्या फळीवर ठेवली, जलाबियाचा काठ कमरेला खोचला, पत्र्याचा डबा हातात घेतला आणि पाणी उपसायला लागला. चढणीवरून हसूना शेळी घेऊन उतरत होता. पलीकडच्या बाजाराला एवढ्या खेपा झाल्या तरी शेळी काही विकली गेली नव्हती.